गुडघा म्हणजे गाडीचा टायर नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

पहाटे साडेपाचला आमच्या तालुक्याच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी सरावाला येतात. मुलांची धाव १६०० मीटरची, मुलींची ८००. मी क्रीडाशिक्षक, त्यामुळे हातात घड्याळ घेऊन उभा असतो. कडेने फिरायला आलेली वडीलधारी माणसं रोज कुणाला तरी थांबवून सांगतात, "बाळा, इतकं पळू नको, चाळिशीत गुडघे जातील." सांगण्यात माया असते, म्हणूनच ते मनात घर करून बसतं.

"गुडघा झिजला", "वंगण संपलं" असं आपण सहज बोलतो आणि गुडघ्याला टायर समजतो. जितका वापर तितकी झीज! पण टायर निर्जीव असतो, गुडघा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. मग त्याला पोषण मिळतं कसं? सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की द्रव पुन्हा आत शोषते. म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गुडघ्याला हे जेवण नीट मिळतच नाही.

पळताना पावलागणिक भार चालण्यापेक्षा जास्त येतो, हे खरं. पण ढांग लांब पडते, पाय जमिनीला क्षणभरच टेकतो. त्यामुळे किलोमीटरमागे एकूण भार चालण्याइतकाच भरतो.

२०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौसेने पळणाऱ्यांपैकी साडेतीन टक्के लोकांत आढळला, तर बैठं जीवन जगणाऱ्यांत दहा टक्क्यांहून थोडा अधिक. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षे कसून धावणाऱ्यांत मात्र तो तेरा टक्क्यांवर होता, तेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावकांवर वीस वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं. एकोणीस वर्षांनी धावकांपैकी १५ टक्के माणसं दगावली होती, न पळणाऱ्यांपैकी ३४ टक्के. आता पळणारी माणसं मुळातच सडपातळ आणि तब्येतीला जपणारी असतात, सगळं श्रेय पळण्याला देता येणार नाही. पण पळण्याने गुडघे जातात, हे म्हणणं यापुढे टिकत नाही.

मग दुखतं का? घाईने. भरतीची जाहिरात निघते आणि सहा महिने न पळालेलं पोर दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर पळू लागतं. दम महिन्याभरात वाढतो, हाडाला मात्र जास्त वेळ लागतो.

गेल्या वर्षी एक मुलगी लंगडत आली. मी तिच्या नडगीवर अंगठा वरून खाली फिरवत नेला. एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या, ती कळवळली. नडगीभर पसरलेली ठणक बहुधा विश्रांतीने जाते. असं एकाच ठिकाणी टोचणारं दुखणं म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो, तिथे हळद-तेल चोळून चालत नाही. मी तिला डॉक्टरांकडे धाडलं. तडाच निघाला.

तिची आई माझ्यावर रागावली. पोरीच्या जातीने पळू नये, अंग बाहेर येतं, हेही म्हणाली. ही भीती आपल्याकडचीच नव्हे. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन मिळाली ती थेट १९८४ साली, कारण बायकांचं शरीर ते सोसणार नाही असं जगभर मानत होते. पण पळण्याने गर्भाशय जागचं हलत नाही. बाळंतपणानंतर तेवढं डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरू करावं. ज्यांना छातीत दुखतं, ज्यांचा सांधा सुजलेला आहे किंवा गुडघ्याला जुनी दुखापत आहे, त्यांनीही आधी विचारावं.

पोरगी दोन महिन्यांनी परतली. मातीवर दोन मिनिटं चाल, एक मिनिट पळ, एक दिवस आड, असं आम्ही सुरू केलं. आई पहिले काही दिवस नुसती पहारा द्यायला येऊन पायरीवर बसायची. आता तीही चपला काढून दोन फेऱ्या चालते, आणि फाटकापाशी आली की लेकीबरोबर चार पावलं पळते.