हात थांबला तिथपर्यंत

(दृश्य: पहाटेचा सिद्धेश्वर तलाव, मग रेल्वे लाईन्सकडचा रस्ता, चर्चचा हॉल)

रविवारची सकाळ. संडे स्कूल भरलंय, पंधरा-वीस लेकरं सतरंजीवर बसलीयेत आणि टीचर भिंतीवर एक जुनं चित्र लावतायत, घडी पडून पडून मधे पांढरी रेघ उमटलीये त्याच्यावर, ती बरोब्बर सुरीवरून गेलीये बघा. दाढीवाला म्हातारा, उगारलेला हात, खाली लाकडांवर बांधलेलं पोरगं. लहानपणी मी पण असंच चित्र बघितलं होतं आणि त्या रात्री पप्पांच्या शेजारी झोपायला नको म्हणालो होतो.

देवानेच कुणाला मार म्हणून सांगितलं तर ख्रिस्ती माणसाने मारायचं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी ह्याच चित्रातून देणारे.

(दृश्य: होटगीच्या पुढचा माळ, गाढव, पाठीवर लाकडं)

हा माळ चित्रातल्या गोष्टीतला मोरिया नाही, आपल्या होटगीच्या पुढचा आहे, पण ऊन आणि धूळ तशीच. बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा 22वा अध्याय. देव अब्राहामाला सांगतो, तुझ्या पोराचा, इसहाकचा, मोरियातल्या डोंगरावर होम कर. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, होमासाठी लाकडं फोडतो, दोन गडी आणि इसहाकला घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी ती जागा लांबून दिसते. तिथं तो गड्यांना थांबवतो, लाकडं पोराच्या अंगावर देतो, विस्तव आणि सुरी स्वतःकडे ठेवतो. म्हणजे ज्यानं लागेल-भाजेल ते बाप स्वतः धरतो, हे मला परवा एडिट करताना दिसलं. पोरगं विचारतं, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? आणि परत दोघं बरोबर चालत राहतात.

(दृश्य: नुसती पावलं, पार्श्वसंगीत नाही)

मूळ हिब्रूत एक शब्द तीनदा येतो, हिन्नेनी, म्हणजे हा मी इथे आहे. अब्राहाम तो आधी देवाला म्हणतो, मग बाबा अशी हाक मारणाऱ्या पोराला, आणि शेवटी सुरी उचललेली असताना पोराला हात लावू नको म्हणून आकाशातून हाक मारणाऱ्या देवदूताला. आपण पहिल्या हिन्नेनीवर किती प्रवचनं ऐकली, पण तिसऱ्याचं काय? सुरी उचलणं जेवढं आज्ञापालन होतं तेवढंच ती खाली ठेवणं पण होतं, आणि गोष्टीतली शेवटची आज्ञा थांब हीच आहे.

(दृश्य: वेड्या बाभळीत शिंगं अडकलेला एडका, धनगर सोडवतोय)

हा शॉट आम्ही ठरवून घेतलेला नाही, कळप जात होता आणि हा खरंच अडकला. बकरी ईदला आपल्या सोलापुरात घरोघरी ही गोष्ट निघते, तिथं बहुतेक जण मुलाचं नाव इस्माईल सांगतात. पोराच्या जागी बळी जाणारा एडका मात्र दोघांकडे आहे, पोरगं दोघांकडे वाचतं.

आता अवघड जागा. बायबलमध्येच 1 शमुवेल 15 मध्ये अमालेकी नावाच्या शत्रू लोकांना बायका, तान्ह्या लेकरांसकट मारायची आज्ञा आहे आणि तिथं कुणी दूत हाक मारत नाही. ते वाचताना माझा घसा कोरडा पडतो, मी ते गोड करून सांगणार नाही. पण त्याच पवित्र शास्त्रात यिर्मया 7:31 आहे, पोरं अग्नीत जाळणं मी सांगितलं नाही, ते माझ्या मनातही आलं नाही असं देव म्हणतो. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1798 मध्ये लिहिलं की अब्राहामाने त्या आवाजाला सांगायला हवं होतं, पोराला मारू नये हे मला पक्कं माहितीये, पण तू देवच आहेस हे पक्कं नाही. मला ते पटतं, आणि त्यासाठी कांटपर्यंत जायची पण गरज नाही, 1 योहान 4:1 मध्ये सांगितलंयच की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून बघा.

(दृश्य: चर्चच्या काचेवरचं ऊन, मग वेदीवरचा क्रूस)

पारखायचं कशावर, तर ह्याच्यावर. गेथशेमाने बागेत येशूला पकडायला आले तेव्हा त्याचा शिष्य पेत्र ह्याने तलवार काढली, मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान उडवला, तेही येशूला वाचवायला, म्हणजे त्याहून पवित्र कारण कुठलं असणार. येशूने तलवार म्यानात घालायला लावली आणि कानाला हात लावून बरं केलं. योहान 16:2 मध्ये तर तो आधीच सांगून ठेवतो की तुम्हाला जीवे मारणाऱ्याला आपण देवाची सेवा करतोय असं वाटेल.

आणि तरी 1095 मध्ये देवाची इच्छा अशी आरोळी देत ख्रिस्ती लोकांची धर्मयुद्धं सुरू झाली, 1099 मध्ये जेरुसलेममध्ये मुसलमान आणि यहुद्यांची कत्तल झाली.

(दृश्य: परत संडे स्कूल, टीचर चित्र गुंडाळतायत)

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी हात वर करते. टीचर, मग घरी जाऊन त्यांनी मम्मीला सांगितलं का?

त्याच 22व्या अध्यायाच्या 19व्या वचनात अब्राहाम परत आल्याचं लिहिलंय, इसहाकचं नाव नाही. आणि 23वा अध्याय इसहाकची आई सारा वारल्यापासून सुरू होतो.

(दृश्य: टीचर पान उलटतात, थांबतात, मुलीकडे बघतात)