आई म्हणाली, "म्हणजे ते गेलं ना?"

नमस्कार. मी बडोद्यातून बोलतोय, रावपुऱ्यातल्या आमच्या घरातून. मागं जे स्वयंपाकघर दिसतंय, तिथं 2019 च्या उन्हाळ्यात मी आईला सांगितलं की मी गे आहे. ती खाली बसून गवार मोडत होती. हात थांबले नाहीत तिचे. शेंगेचं टोक मोडायचं, दोरा ओढायचा, शेंग ताटात. सगळी गवार संपली तेव्हा म्हणाली, "जेवून घे." त्यानंतर बराच काळ आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही. मग एका दिवाळीला तिनं फराळाचा एक डबा जास्त भरला आणि म्हणाली, "हा त्याला दे." माझ्या मित्राला. मला कळलं, आईनं मान्य केलंय.

ते नातं पुढं संपलं. आणि गेल्या वर्षी मला एक मुलगी आवडायला लागली.

आईला सांगितलं तर तिचा चेहरा असा उजळला! "म्हणजे ते गेलं ना?" ताप उतरल्यावर विचारतात तसं. मित्रांमध्ये सांगितलं, तर एकजण म्हणाला, "मग आमच्याबरोबर समलिंगी हक्कांच्या मोर्च्यात कशाला चालत होतास?" आईला आनंद, त्याला राग, पण दोघांचं म्हणणं एकच: आधीचं खोटं होतं.

खोटं नव्हतं ते. आज त्याबद्दलच बोलायचंय.

तीन शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो. समलिंगी हक्क ही कायद्याची बाब. क्विअर ही स्वतःला दिलेली ओळख. इंग्रजीत ही शिवी होती, 'विचित्र' अशा अर्थाची. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्यकर्त्यांनी ती उचलून स्वतःच्या नावासारखी मिरवली. गे, लेस्बियन, उभयलैंगिक (स्त्री-पुरुष दोन्ही आवडणारे) यांतल्या एकाच खणात बसायचं नसेल, त्यालाही हा शब्द चालतो. आणि तिसरा, लैंगिक प्रवाहीपणा: काही माणसांचं आकर्षण आयुष्यात बदलत जातं. काहींचं, बरं का. पुष्कळांचं जन्मभर एकाच दिशेला राहतं आणि तेही तितकंच खरं असतं.

अमेरिकेत लिसा डायमंड नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी काही स्त्रियांशी दहा वर्षं पुन्हापुन्हा बोलून अभ्यास केला. 2008 साली तो पुस्तकरूपानं आला. दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींनी स्वतःला लावलेलं नाव एकदा तरी बदललं होतं. पण डायमंड बजावून सांगतात की बदल होतो म्हणजे तो कुणाला घडवून आणता येतो असं नाही. आपली विश्वामित्री नदी बघा ना. शहरातून केवढी वळणं घेत जाते, पण म्हणून तिला कुणी हवं तिकडं वळवू शकतं का?

मग मोर्च्यातल्या त्या मित्राच्या रागामागं भीती कशाची होती? ती भीती मला कळते. "आम्ही जन्मतःच असे आहोत, बदलू शकत नाही, म्हणून शिक्षा करू नका" या युक्तिवादानं चळवळीला खूप दिलंय. घरोघरी आयांना समजवायला तोच कामी आला. मीही तोच वापरला होता. आता कुणी म्हणालं की माझं बदललं, तर समोरचा लगेच म्हणणार, "बघा, बदलता येतं. न्या याला डॉक्टरकडे." आणि नेतात हो. म्हणून हे नीट ऐका: 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे 'उपचार' म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. घरचे नेऊ लागले तर हे सांगा.

पण हक्क खरंच 'बदलता येत नाही' यावर उभे आहेत का? 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या. कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. त्यात 'समलिंगी' हा शब्दच नव्हता, गुन्हा होता तो 'निसर्गाविरुद्ध' मानलेल्या शरीरसंबंधाच्या कृतीचा. न्यायालयानं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले. निकालात उपजतपणाची चर्चा आहे, पण त्याचा कणा आहे खासगीपणा, प्रतिष्ठा आणि स्वतःचा जोडीदार स्वतः निवडण्याचा अधिकार. तो अधिकार मला 2019 मध्येही होता, आजही आहे. मुलगा आवडला तरी, मुलगी आवडली तरी. लग्नाचं मात्र तसं नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही. म्हणजे आज मी या मुलीशी नोंदणी पद्धतीनं लग्न करू शकतो, आणि त्या डब्यावाल्या मित्राशी करू शकलो नसतो. माणूस मीच. हे मला फार टोचतं.

बडोदेकरांना एक जागा माहीत आहे, कमाटीबागेतली संकल्पभूमी. 1917 साली इथं नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे राहायला खोली मिळेना, तेव्हा ते तिथं झाडाखाली बसून रडले. 1956 मध्ये नागपूरला ते बौद्ध झाले. मी माझ्या गोष्टीची त्यांच्याशी बरोबरी करत नाहीये, तेवढी माझी लायकी नाही. पण धर्म बदलता येतो म्हणून धर्मावरून भेदभाव करायची मुभा घटना देते का? आणि नंतर धर्म बदलला म्हणून 1917 चे ते अश्रू खोटे ठरतात का?

अजून एक बडोदेकर, चित्रकार भूपेन खख्खर. हिशेबनीसाची नोकरी करत चित्रं काढायचे. 1981 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी एक मोठं चित्र काढलं: बाल्कनीत एक नागडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा आणि गाढवाची आपल्या लहानपणची गोष्ट चाललीय. कुणी म्हणतं बसा, कुणी म्हणतं उतरा. आपलं समलिंगी असणं त्यांनी या चित्रातून उघड केलं असं मानतात. 377 शाबूत असताना! 2003 मध्ये ते गेले, निकाल त्यांना दिसला नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उद्या परत मुलगा आवडू शकतो?" म्हटलं, "माहीत नाही गं. पण जे झालं ते खरं होतं." बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साताऱ्याच्या मावशीला सांगून बसले ना मी, की सगळं नीट झालं म्हणून. आता काय सांगू?"

म्हटलं, "माझा नंबर दे तिला. मी बोलतो."

काल मावशीचा फोन आला होता. चाळीस मिनिटं बोललो.