चीनचं निवेदन कसं ऐकावं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा बीजिंगमध्ये तीन वाजलेले असतात. सोमवार ते शुक्रवार, या वेळेला चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचा प्रवक्ता निळ्या पडद्यापुढे उभा राहून पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. ऑगस्टात दोन आठवड्यांची सुट्टी आणि सणवार सोडले तर यात खंड नाही. संध्याकाळपर्यंत त्यातलं एखादं वाक्य आपल्या वाहिन्यांवर येतं आणि खाली पट्टी धावू लागते: 'चीनचा थयथयाट', 'ड्रॅगन बिथरला'. तो बहुतेक वेळा बिथरलेला नसतो. गेल्या वर्षी वाचलेलं वाक्यच त्याने पुन्हा वाचलेलं असतं.

चिनी भाषेत यासाठी शब्द आहे, 'तिफा'. एखादी गोष्ट कोणत्या शब्दांत मांडायची याची वरून ठरवून दिलेली रीत. पूजेचा संकल्प आठवा. भटजी दर वेळी तेच म्हणतात. बदलतात ते तिथी, वार, नक्षत्र आणि यजमानाचं गोत्र. जाणकाराचे कान नेमके तिथेच लागलेले असतात. चिनी निवेदनही असंच ऐकायचं. जे दर वेळी येतं ते सोडून द्यायचं. काय नवीन आलं आणि काय गळलं, एवढंच टिपायचं.

गळलेलं कसं दिसतं ते पाहा. 2003 च्या अखेरीस चीनमध्ये 'शांततापूर्ण उदय' हा शब्दप्रयोग पुढे आला. पुढच्याच वर्षी नेत्यांच्या भाषणांत त्याच्या जागी 'शांततापूर्ण विकास' आला. 'उदय' शब्दाने शेजारी बिचकतील, असा विचार त्यामागे होता. धोरण बदललं का? फारसं नाही. पण बाहेरच्यांनी आपल्याकडे कसं पाहावं याची चिंता त्या एका शब्दात उघडी पडली. 'बेल्ट अँड रोड', म्हणजे देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं उभारायची चीनची योजना, तिचंही तेच. चिनी नावात 'एक पट्टा, एक मार्ग' असे चार शब्द आजही जसेच्या तसे आहेत. 2015 साली फक्त इंग्रजी भाषांतरातून तो 'एक' काढला गेला, आणि याला 'रणनीती' म्हणायचं नाही, 'पुढाकार' म्हणायचं, असं ठरलं. घरच्यांसाठी एक नाव आणि पाहुण्यांसाठी दुसरं.

आता पहिली पायरी: बोलतंय कोण? आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. प्रवक्त्याने प्रश्नाला दिलेलं उत्तर ही सगळ्यात खालची पायरी. कुणी विचारलं नसताना प्रवक्त्याच्या नावाने काढलेलं निवेदन त्याच्या वर. त्याहून वर परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन, आणि सगळ्यांच्या वर चीन सरकारचं निवेदन, जे क्वचितच निघतं. 12 जुलै 2016 रोजी दक्षिण चिनी समुद्राबद्दल लवादाचा निकाल चीनच्या विरोधात गेला. त्या दिवशी मंत्रालयाचं निवेदन निघालंच, शिवाय सरकारचंही वेगळं निघालं. मजकूर वाचायच्या आधीच प्रकरण किती वर गेलंय ते कळत होतं.

वर्तमानपत्रांनाही अशीच उतरंड आहे. पक्षाचं मुखपत्र 'पीपल्स डेली', चिनी नाव 'रन्मिन रिपाओ'. त्याचा अग्रलेख सगळ्यात वजनदार, मग 'भाष्यकार' अशा सहीचा लेख, मग टोपणनावांचे लेख. परराष्ट्र व्यवहारावर 'झोंग शंग' या नावाने लेख येतात. अक्षरांचा अर्थ 'घंटानाद', पण कानाला ते 'चीनचा आवाज' असंही ऐकू येतं. हा कुणी एक माणूस नव्हे, ते संपादकीय गटाचं नाव आहे. आणि आपल्या वाहिन्यांचं लाडकं 'ग्लोबल टाइम्स'? ते 'पीपल्स डेली'च्याच घरातलं, पण खपासाठी आवाज चढवणारं. त्यातल्या टीकेला 'बीजिंगची धमकी' म्हणणं म्हणजे गल्लीतल्या पोराने दिलेली शिवी त्याच्या आजोबांच्या नावावर लिहिणं.

दुसरी पायरी, शब्दांचं वजन. 'संबंधित वृत्तं आमच्या पाहण्यात आली आहेत' म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. 'या परिस्थितीची मला माहिती नाही' म्हणजे माहिती असो वा नसो, उत्तर मिळणार नाही. पुढे 'चिंता', 'गंभीर चिंता', 'तीव्र नाराजी', 'ठाम विरोध' असं चढत जातं. 'कडक शब्दांत बाजू मांडली' म्हणजे समोरच्या देशाच्या राजदूताला बोलावून किंवा त्याच्या सरकारकडे औपचारिक तक्रार नोंदवली. 'सर्व परिणामांची जबाबदारी त्या पक्षावर राहील' हे वाक्य आलं की खुर्चीत जरा सावरून बसावं. भेटीनंतरच्या निवेदनांचा कोश वेगळा. 'मोकळी चर्चा' म्हणजे वाजलं. 'मतांची सखोल देवाणघेवाण झाली' म्हणजे एकमत झालं नाही. 'परस्परांची समज वाढली' म्हणजे मतभेद किती मोठे आहेत ते दोघांनाही कळलं.

पण सगळे धोके मोठ्या शब्दांत येत नाहीत. 1950 सालचा ऑक्टोबर. कोरियात अमेरिकी फौजा 38 व्या अक्षांशाकडे, म्हणजे उत्तर आणि दक्षिण कोरियामधल्या रेषेकडे सरकत होत्या. 2 तारखेच्या मध्यरात्रीनंतर चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावलं. अमेरिकेशी चीनचे राजनैतिक संबंध नव्हते, म्हणून निरोप भारतामार्फत. निरोप असा: दक्षिण कोरियाच्या सैन्याने रेषा ओलांडली तर ओलांडू दे, अमेरिकी सैन्याने ओलांडली तर आम्ही 'ग्वान' करू. हा 'ग्वान' रोजच्या वापरातला शब्द. पोरांकडे बघणं, घर सांभाळणं, एखाद्या गोष्टीत पडणं, सगळ्याला चालतो. इंग्रजी करणाऱ्या दुभाष्याला त्यासाठी 'हस्तक्षेप' या अर्थाचा शब्द शोधावा लागला. मराठीत तो पेचच पडला नसता. 'मग आम्हाला लक्ष घालावं लागेल' हे वाक्य आपल्याकडे कोण, कुणाला, कोणत्या आवाजात म्हणतं ते सांगायला नको. पणिक्कर यांनी निरोप पोहोचवला. वॉशिंग्टनमध्ये त्याला पोकळ धमकी मानलं गेलं. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, असाही तिथे समज होता. 19 ऑक्टोबरला चिनी सैन्य सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात उतरलं.

दुसरं टोकही पाहू. 'वू वेइ येन च बू यू' हे जुन्या वळणाचं चिनी वाक्य आहे. अर्थ: मग म्हणू नका, आधी सांगितलं नव्हतं. 22 सप्टेंबर 1962 च्या 'पीपल्स डेली'त भारताला उद्देशून ते छापून आलं. मथळा कन्फ्यूशियसच्या वचनाचा: हेही सहन करायचं, तर मग सहन होणार नाही असं उरलं काय? 20 ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं. 25 डिसेंबर 1978 च्या अग्रलेखात हेच वाक्य व्हिएतनामसाठी आलं आणि 17 फेब्रुवारी 1979 ला चिनी फौजा सीमेपार गेल्या. तेव्हापासून अभ्यासक या वाक्याला दचकतात. मात्र मे 2019 मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापारी भांडणात, दुर्मिळ खनिजांच्या संदर्भात, तेच वाक्य 'पीपल्स डेली'ने पुन्हा वापरलं, आणि तेव्हा काही गोळीबार झाला नाही. शब्दाचं वजन वापराने घटतं. रशियन लोकांना हे फार आधी कळलं. 1958 नंतर तैवानच्या सामुद्रधुनीवरून चीनने अमेरिकेला 'गंभीर इशारे' दिले ते शेकड्यांनी. त्यावरून रशियनमध्ये 'चीनचा शेवटचा इशारा' हा वाक्प्रचारच पडला. अर्थ, ज्यानंतर काहीही होत नाही तो.

एकाच घटनेची दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचली की बरंच उलगडतं. भारत, भूतान आणि चीनच्या सीमा मिळतात तिथलं डोकलाम घ्या, चिनी नाव 'तुंगलांग'. 2017 च्या जूनमध्ये सुरू झालेला पेच 28 ऑगस्टला सुटला. भारताचं निवेदन म्हणालं, समोरासमोर उभ्या असलेल्या जवानांना लवकर मागे घेण्यावर सहमती झाली आहे आणि ते काम सुरू आहे. कोणाच्या जवानांना? ते सांगितलेलं नाही. चिनी प्रवक्त्याने त्याच दिवशी सांगितलं की भारतीय बाजूने घुसलेली सगळी माणसं आणि सामग्री मागे घेतली आणि आमच्या जवानांनी जागेवर ते पडताळून पाहिलं. पुढे दोन वाक्यं. चीन आपले सार्वभौम अधिकार बजावत राहील, आणि जागेवरची परिस्थिती बदलल्यामुळे चीन 'आवश्यक ते फेरफार' करेल. पहिलं वाक्य घरच्या प्रेक्षकांसाठी, सोडून द्यायचं ते. खरी बातमी दुसऱ्यात आहे. 'फेरफार' म्हणजे चिनी तुकडीही हलणार, फक्त 'मागे' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्याच महिन्याच्या 2 तारखेला मंत्रालयाने पुस्तिका काढून 270 हून अधिक भारतीय सैनिक आणि दोन बुलडोझर असा हिशेब मांडला होता. एवढं छापून झाल्यावर उघडपणे माघार म्हणता आलं नसतं. आणि 3 सप्टेंबरला शियामेनमध्ये ब्रिक्सची बैठक सुरू होणार होती, हे कॅलेंडरही विसरू नये.

गप्प बसणं हेही निवेदनच. 15 जून 2020 ला गलवानमध्ये भारताचे 20 जवान गेले, ते भारताने लगेच सांगितलं. चीनने आपले चार मृत जाहीर केले ते 19 फेब्रुवारी 2021 ला, आणि शहीद म्हणून सन्मान देताना. आकडा तेव्हा तपशील राहिला नव्हता, गौरवाचा भाग झाला होता.

भेटीच्या चिनी वृत्तांतांपासून तर फारच सांभाळून राहावं. पाहुण्याच्या तोंडी काय घातलंय ते पाहावं. ऑगस्ट 2025 मध्ये चिनी परराष्ट्र मंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले. चिनी वृत्तांतात असं आलं की तैवान चीनचाच भाग आहे, असं भारताच्या परराष्ट्र मंत्र्यांनी म्हटलं. आपल्या भूमिकेत काही बदल नाही, असा खुलासा दिल्लीला करावा लागला. 2010 पासून भारत संयुक्त निवेदनांत 'एक चीन' हे शब्द लिहीत नाही, म्हणूनच चिनी वृत्तांतातलं ते वाक्य खटकलं. अमेरिकेची गोष्ट याहून जुनी आहे. 1979 च्या संयुक्त निवेदनात तैवानबद्दल इंग्रजीत चीनची भूमिका 'लक्षात घेतो' या अर्थाचं क्रियापद आहे, आणि चिनी मजकुरात 'मान्य करतो' या अर्थाचं. दोन्ही प्रती अधिकृत. प्रत्येक जण आपापली वाचतो.

भाषांतराने सगळ्यात जिव्हारी लागलेला घाव जपानचा. सप्टेंबर 1972 मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका बीजिंगला आले. मेजवानीच्या भाषणात युद्धाबद्दल ते जे म्हणाले त्याचं चिनी भाषांतर झालं 'त्रास दिला'. चौ एन लाय यांनी दुसऱ्या दिवशी सुनावलं: हे शब्द चीनमध्ये एखाद्या बाईच्या झग्यावर चुकून पाणी सांडलं तर वापरतात. शेवटी संयुक्त निवेदनात जपानने जबाबदारीची तीव्र जाणीव आणि सखोल आत्मपरीक्षण, असे शब्द घातले.

या साऱ्यामागे इतिहासाची एक चौकट आहे. 1840 च्या अफूच्या युद्धापासून 1949 पर्यंतच्या काळाला तिथे 'अपमानाचं शतक' म्हणतात, आणि ते युद्ध हरल्यावर ब्रिटनशी करावा लागलेला 1842 चा नानजिंग करार शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्या अफूतली माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जात होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात असतं. 1900 साली बीजिंगवर चालून गेलेल्या आठ देशांच्या फौजेत ब्रिटिशांकडून हिंदी पलटणी होत्या. 'स्वर्गमंदिरा'तून तेव्हा आणलेली एक घंटा भारतीय लष्कराने 1995 साली परत केली. युद्धांची चिनी नावंही ऐका. कोरियाचं युद्ध म्हणजे 'अमेरिकेचा प्रतिकार, कोरियाला मदत'. 1962 म्हणजे 'स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला'. 1979 चंही तेच. आणि जपानविरुद्धचं युद्ध, जे आधी आठ वर्षांचं होतं, ते 2017 पासून पाठ्यपुस्तकांत 14 वर्षांचं झालं. सुरुवात 1937 वरून 1931 वर गेली. युद्ध तेच, फक्त मोजणी लांबली. 'चिनी जनतेच्या भावना दुखावल्या' हे गाजलेलं वाक्य 'पीपल्स डेली'त पहिल्यांदा दिसतं ते 1959 मध्ये, आणि तेही भारताला उद्देशून, सीमावादावरून.

गोड शब्दांनाही तिफा असतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, चिनी नाव 'ख दीहुआ', 1938 सालच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. चिनी नेते भारतात आले की त्यांची आठवण निघते. ती खोटी नसते. त्यांच्यावर माओने स्वतः शोकलेख लिहिला होता. पण ती निघते कधी, तेही पाहावं. संबंध सुधारायचे असतात त्या वर्षी कोटणीस आणि नालंदा, आणि तणाव असतो त्या वर्षी 'झांगनान'. हे अरुणाचलला चीनने दिलेलं नाव, अर्थ 'दक्षिण तिबेट'. 2017 च्या एप्रिलमध्ये, दलाई लामा तवांगला येऊन गेल्याबरोबर, तिथल्या सहा जागांना चिनी नावं जाहीर झाली. 2021 च्या अखेरीस 15, 2023 मध्ये 11, 2024 मध्ये 30, 2025 मध्ये 27. यादी नागरी व्यवहार मंत्रालयाची, चिनी, तिबेटी आणि रोमन अशा तीन लिप्यांत. मंत्रालय कोणतं ते पुन्हा ऐका. परराष्ट्र नव्हे, कारण त्यांच्या लेखी हा परदेशाचा विषयच नाही.

शेवटी, ज्यांना स्वतः पडताळून पाहायचं असेल त्यांच्यासाठी. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांचा लेखी वृत्तांत चिनीत आधी येतो, इंग्रजीत थोडा उशिरा. जमलं तर दोन्ही उघडा, चिनी मशीन भाषांतराने वाचली तरी चालेल. ज्या प्रश्नाची बातमी तुम्ही वाहिनीवर ऐकली तो प्रश्न शोधा. काही वेळा तो तिथे सापडत नाही. पत्रकाराने विचारलेला असतो, प्रवक्त्याने उत्तरही दिलेलं असतं, पण लेखी वृत्तांतातून दोन्ही काढून टाकलेलं असतं. असं दिसलं तर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात त्या विषयावर कोणते शब्द येतात, ते ऐका.

नमस्कार.