क्रेनच्या रिमोटची बॅटरी कुणी बघायची?

(कुपवाड एमआयडीसीत क्रेन ऑपरेटर आणि मेंटेनन्सच्या मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं आवरून.)

मंडळी, क्रेन थांबली की आपण आधी मोटर बघतो, कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बघतो, पॅनल उघडतो, आणि बऱ्याच वेळानं कोणतरी म्हणतं की अरे रिमोटची बॅटरी बघितली का. फाउंड्रीत लॅडलमध्ये, म्हणजे क्रेनला टांगलेल्या ओतायच्या भांड्यात, १३००-१४०० अंशाचं वितळलेलं मेटल आहे आणि मधेच बॅटरी बसली तर सिग्नल तुटतो, क्रेनवरचा रिसीव्हर मेन कॉन्टॅक्टर सोडतो, ब्रेक लागतो, लोड खाली येत नाही, तिथंच लटकतो. सिस्टीम तशीच पाहिजे. पण मेटल गार व्हायला लागतं, सगळे घाईला येतात, आणि शॉपमध्ये घाईची मला फार भीती वाटते.

तर आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. निकेल मेटल हायड्राइडचा एक सेल १.२ व्होल्टचा, लिथियमचा ३.६ नाहीतर ३.७, फुल झाल्यावर साधारण ४.२. लिथियमचा चार्जर शेवटी व्होल्टेज धरून करंट कमी करत नेतो, निकेलचा चांगला चार्जर व्होल्टेज किंचित उतरलं किंवा सेल तापला की ओळखून थांबतो. म्हणून पिन बसली म्हणजे चार्जर चालला असं अजिबात नाही, ज्या रिमोटचा त्याचाच लावायचा. आणि साधे पेन्सिल सेल तर चार्जरला लावायचेच नाहीत, लीक होतात, फुटतातसुद्धा.

दुसरं, "पूर्ण उतरल्याशिवाय लावू नको" हे जुन्या निकेल कॅडमियमच्या वेळचं, ते अजून चालूय. लिथियमला ते उलट मारक आहे. निकेलच्या पॅकमध्येही एक सेल कमजोर असला आणि पॅक पार उतरवला, तर बाकीचे सेल त्याला उलटा चार्ज करतात आणि तो जातो. लो बॅटरीचा लाईट लागला की लोड सुरक्षित खाली ठेवा आणि बॅटरी बदला.

सगळ्यात जास्त बॅटऱ्या मरतात त्या उष्णतेनं. चार्जर कुठं असतो आपला? पॅनलच्या टपावर, नाहीतर भट्टीकडच्या खांबाला. वर पत्रा, एप्रिल-मेतली सांगलीची दुपार! लिथियम बहुतेक ० ते ४५ अंशातच चार्ज करायची असते. चार्जर ऑफिसात किंवा मेंटेनन्स रूममध्ये न्या, आणि तापलेली बॅटरी आधी गार होऊ द्या, मग लावा.

हा बघा एक पॅक. हे पत्र्याचे टिकले, म्हणजे चार्जरला टेकणारे कॉन्टॅक्ट, यांच्यावर काळा थर आहे, सँड आणि कार्बनची बारीक धूळ तेलात बसलेली. यामुळं चार्जिंग अर्धवट होतं आणि आपण बॅटरीला नावं ठेवतो. कोरड्या कापडानं पुसा, नाही निघालं तर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. पॉलिश पेपर नको, वरचं प्लेटिंग जातं आणि मग गंज धरतो.

साखर कारखान्यातली मंडळी दिसतायत, तुमचं वेगळं. सीझन संपला की रिमोट महिनोन्‌महिने कपाटात. लिथियम असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून, रिमोटमधून काढून, गार कोरड्या जागी ठेवा आणि अधनंमधनं बघा.

फुगलेली बॅटरी दाबून झाकणात बसवणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका. टर्मिनलला चिकटपट्टी लावा, बाहेर उघड्यावर वाळूच्या बादलीत ठेवा, भंगारातल्या धातूच्या किसात टाकू नका, तिथं शॉर्ट होऊन आग लागते. २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा सप्लायरला विचाराच.

आणि हे सगळं करणार कोण? तीन शिफ्टला तीन ऑपरेटर, रिमोट सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही. शिफ्ट सोडणाऱ्यानं उतरलेली बॅटरी चार्जरला लावायची आणि येणाऱ्याच्या हातात दुसरी भरलेली द्यायची, आणि दोघांनी मिळून स्टॉपचं लाल बटण दाबून बघायचं. कुणी रिमोट आणला असेल तर पुढं या, मागचं झाकण काढून बघू.