बटरक्रीमची साल

झाडाची साल जवळून पाहा. ती कोरलेली नसते, फाटलेली असते. खोड आतून जाड होत जातं, बाहेरची मेलेली साल ताणली जात नाही, म्हणून तिला उभ्या भेगा पडतात. बुंध्याशी त्या खोल आणि रुंद, वर जाल तशा बारीक. केकवर खोड करताना हा क्रम हाताशी असला की अर्धं काम झालंच.

समोरचा केक १५ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच आहे. त्याला ३०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि ६०० ग्रॅम आयसिंग शुगर पुरते; दोन्ही एकत्र फेटलं की बटरक्रीम. बटरवर बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट तेलकट होऊ नये. झालं, तर बटर जास्त मऊ आहे. त्याच्या क्रीममध्ये पाडलेली भेग हळूहळू मिटत जाते.

एक तृतीयांश क्रीम थरांमध्ये आणि बाहेरच्या पहिल्या पातळ लेपात जातं. चुरा धरून ठेवणं हे या लेपाचं काम. मग केक अर्धा तास फ्रिजमध्ये.

उरलेल्यातलं १५० ग्रॅम वरच्या भागासाठी बाजूला काढायचं. बाकीच्याचे तीन भाग, आणि त्यांत १०, २० आणि ३० ग्रॅम कोको. कोको ओलावा शोषतो, त्यामुळे गडद भाग घट्ट होतो; त्यात चमचाभर दूध घाला. थोड्या वेळाने कोकोचा रंग आणखी गडद होतो, तेव्हा हवी त्याहून किंचित फिकी छटा झाली की थांबा.

आता साल. सगळ्यात गडद क्रीम आधी सर्व बाजूंनी पातळ लावलंय. त्यावर दोन फिक्या छटा ठिकठिकाणी थापल्या आहेत, मिळून पाऊण सेंटिमीटर जाडीच्या. पॅलेट नाइफचं, म्हणजे क्रीम पसरायच्या बोथट सुरीचं, टोक बुंध्याशी दाबून रोवायचं आणि वर ओढत नेताना दाब कमी करत जायचं. भेगेच्या तळाशी आतला गडद रंग उघडा पडतो. सालीला खोली येते ती इथून. दर ओढीनंतर नाइफ पुसायचा.

काटा चमचा फिरवण्याचा मोह होतो. त्याने सारख्या अंतराच्या रेघा उमटतात, आणि नांगरलेलं शेत दिसू लागतं. काही भेगा एकमेकींना मिळू द्या, काही मध्येच सोडा. एकाच जागी तिसऱ्यांदा नाइफ फिरला की छटा मिसळून सगळं चिखलासारखं तपकिरी होतं. क्रीम नाइफला चिकटून ओढलं जाऊ लागलं, तर पाच मिनिटं फ्रिज. घाई इथेच नडते.

मुळांसाठी बुंध्याशी पाइपिंग बॅगने पाच-सहा जाड, असमान फराटे काढून ते वरच्या भेगांत मिसळले आहेत.

वरच्या कापावर फिकं क्रीम. वलयांचा मध्य थोडा एका बाजूला घ्या. खऱ्या खोडांतही तो अनेकदा सरकलेला असतो. म्हणूनच ही वलयं टर्नटेबल (केकखालचा फिरता पाट) न फिरवता टूथपिकने हातानेच काढली आहेत, कुठे दाट, कुठे विरळ. केक गार झाल्यावर कोरड्या ब्रशने कोको फिरवला की तो खाचांत बसतो.

कापायच्या तासभर आधी केक बाहेर काढा. क्रीमवर दव धरेल. ते पुसू नका, आपोआप सुकू द्या. पुसलं तर कोकोचे डाग पसरतात.