मिटलंय, मेलेलं नाही

नमस्कार श्रोतेहो. आज घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या प्रवाळांबद्दल बोलू.

प्रवाळ म्हणजे ना दगड, ना झाड. तो प्राणी आहे. ओळखायचा असेल तर भिंग घ्या आणि त्याच्या इवल्या तोंडाभोवतीचे स्पर्शक मोजा. आठ असतील आणि पिसासारखे कातरलेले असतील, तर तो बहुधा मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळात सहा किंवा सहाच्या पटीत. आठ की सहा, एवढं लक्षात ठेवा. दगडी प्रवाळ 2001 पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. ते घरी आणायचे नाहीत, आणि मालवणच्या खडकांवरून खरवडून तर मुळीच नाही.

पाण्याचं म्हणाल तर खारेपणा हजारी 35 आणि तापमान 25-26 अंश. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. आमटी आटली की आपण पाणी घालतो, मीठ घालत नाही. तसंच इथे. रोज आरओचं गोडं पाणी घाला. गोडं पाणी, मीठ नाही.  

आता आमच्या घरची गोष्ट. मित्राने त्याच्या लेदर कोरलचा, म्हणजे चामड्यासारख्या दिसणाऱ्या मऊ प्रवाळाचा, तुकडा कापून दिला होता. वर्षभरात त्याची भाकरीएवढी छत्री झाली, वर असंख्य पिवळसर तंतू डुलायचे. एका सकाळी बघतो तर सगळे तंतू आत. छत्री गुळगुळीत, मेण चोपडल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. मी पाणी तपासलं, दिवा कमी केला, त्याला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. ही माझी चूक. सातव्या दिवशी मी बादली घेऊन उभा राहिलो, म्हटलं, कुजून बाकीच्यांना मारायच्या आत काढून टाकू. आई मागे येऊन म्हणाली, "अरे, वास येतोय का त्याला?" मी हुंगून बघितलं. वास नव्हता. बोट लावलं, मांस घट्ट होतं. "मग थांब. सापसुद्धा कात टाकतो."

मी फक्त पंपाचं तोंड त्याच्याकडे वळवलं. नवव्या दिवशी कडेला दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटला, प्रवाहात फडफडला आणि अख्खा निघून गेला. संध्याकाळपर्यंत तंतू बाहेर! अंगावर बसलेलं शेवाळ, घाण झटकायला लेदर कोरल अधूनमधून असं करतं. म्हणून पुन्हा सांगतो, मिटलंय म्हणजे मेलं असं नाही. आधी वास बघा, मांस सुटतंय का बघा. दोन्ही नसेल तर हात लावू नका.

वेळ होत आली, पण हे सांगितल्याशिवाय जाणार नाही. बटणांसारखे गोल झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे नातेवाईक प्राणी, ज्या दगडावर असतील, तो दगड साफ करायला कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. त्यांच्यातल्या काहींत जबर विष असतं आणि वाफेबरोबर ते छातीत जातं. घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. आणि उकळू नका. नमस्कार.