डब्यातल्या चिठ्ठ्या

नमस्कार, श्रोतेहो.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. जूनमधल्या पहिल्या तासाला मात्र शिकवत नाही. बाहेर पाऊस कोसळत असतो, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागलेली असते आणि अर्धी मुलं बस चुकली म्हणून धापा टाकत येतात. अशा वेळी मी प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी देतो. इथं कशासाठी आलात, आणि आवड कशाची, एवढंच लिहायचं. वीस-बावीस वर्षांच्या या चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. वाळवीने खाल्ल्या त्या सोडून.

२०१२च्या आधीच्या चिठ्ठ्या वाचल्या की हसू येतं. आमचा भाग खाणींचा. घरी दोन ट्रक, भाऊ खनिज वाहणाऱ्या बार्जवर. 'कशासाठी आलो : मित्र आले म्हणून. आवड : क्रिकेट.' बस्स. डिग्री मिळाली नाही तरी कुणाचं अडत नव्हतं. मग २०१२ साली खाणी थांबल्या. मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली, तेव्हा परत ठप्प झाल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत वाढलं. आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षर एकाएकी सुधारलं! जो तो 'सरकारी नोकरी' लिहू लागला. आवडीच्या जागी 'वाचन'. आता माझा अनुभव असा, की ज्याला खरोखर वाचनाचं वेड असतं तो 'वाचन' लिहीत नाही, पुस्तकाचं नाव लिहितो. 'वाचन' हे सरांना बरं वाटावं म्हणून.

अलीकडे स्टाफरूममध्ये एकच वाक्य ऐकू येतं : हल्लीच्या मुलांना कशाची आवडच नाही. मीही ते म्हणत असे. २०२५ साली आलेल्या बॅचचा हिशेब एकदा मांडून पाहा. ही मुलं सातवीत होती तेव्हा टाळेबंदी लागली. अख्खी आठवी घरात गेली. सत्तरी, सांगे तालुक्यांतली मुलं रेंज मिळते म्हणून डोंगरावर जाऊन बसायची. शिकवणारा माणूस तळहाताएवढ्या पडद्यावर, आणि त्याच पडद्यावर बाकी सगळं जग. मास्तरांपेक्षा ते जग जास्त रंगतदार निघालं, यात त्यांचा काय दोष? आवडी तिथं रुजल्या, आमच्या नजरेआड.

हे मला एका मुलीने दाखवलं. तिने चिठ्ठीवर आमच्याकडच्या मातीच्या वाद्याचं नाव, 'घुमट', असं लिहिलं आणि त्यावर काट मारून खाली 'वाचन' लिहिलं. मी विचारलं, काट का मारलीस? म्हणाली, "कॉलेजात ते चालतं का, सर?" चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीबरोबर घुमट आमच्याकडे घराघरांत वाजतं, पण वाजवायचे ते पुरुष. आता बायकांचीही पथकं झाली आहेत, त्यातल्या एका पथकात ती होती. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण कॉलेजच्या चिठ्ठीवर मात्र ते लिहायची तिला भीती!

दुसऱ्या दिवशी ती घुमट घेऊन आली. मातीचा घट, दोन्ही बाजूंनी उघडा. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं वापरतात. उजव्या हाताने थाप, आणि डावा तळवा लहान तोंडावर. तो तळवा जरासा दाबला की आवाज खाली जातो, उचलला की मोकळा होतो. आम्ही फोनवरच्या एका मोफत ॲपवर त्याची कंप्रता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते, मोजत बसलो. घटातल्या हवेचा अनुनाद, म्हणजे आतली हवा कशी घुमते ते, मी दर वर्षी फळ्यावर बाटली काढून शिकवतो. घट तर दर चवथीला माझ्या घरी वाजत होता.

२०२३-२४पासून आमच्याकडे चार वर्षांची नवी पदवीरचना आली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय, आणि शिवाय आपल्या शाखेबाहेरचे तीन विषय घ्यायचे, तेही बारावीत न शिकलेले. फिजिक्सची मुलं आता मानसशास्त्र घेतात, नाटक घेतात. पालक धास्तावतात. एका बाबांना मी मुलाचा 'मायनर' ठरवायला सांगितला, तर ते म्हणाले, "सर, मायनिंग बंद जालां न्हय?" दोघंही पोट धरून हसलो. त्यांचे दोन ट्रक विकले गेले होते.

गेल्या जूनपासून मी चिठ्ठीवरचा प्रश्नच बदलला. काल रात्री दहा वाजता काय करत होता? आता उत्तरं खरी येतात. मावशीला केकच्या ऑर्डरी पुऱ्या करायला मदत. देवळातल्या नाटकाची तालीम. मित्राच्या जिमचा व्हिडिओ जोडत होतो. कळंगुटला हॉटेलात, काउंटरवर. बहुतेकांनी मराठीच लिहिलं, पण रोमन लिपीत. पूर्वी मी यावर चिडायचो. आता मुकाट्याने वाचतो.

एकच चिठ्ठी कोरी आली. मुलगा सत्तरीतला. तास संपल्यावर दारात थांबला. म्हणाला, "सर, दहाला मी झोपलेला असतो. पहाटे साडेचारला उठून दूध काढायचं असतं." दूध सोसायटीत यंत्र फॅट दाखवतं आणि त्यावर दर ठरतो. एकाच गाईचं दूध, दोन दिवसांत आकडे वेगळे. यंत्र आत नेमकं काय मोजतं, हे त्याला हवं होतं. म्हणून फिजिक्स.

मला सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की अशा बऱ्याच यंत्रांत दुधातून श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा, ध्वनी सोडतात आणि त्याच्या वेगावरून फॅट काढतात. त्याला तेवढ्याने समाधान नाही. येत्या गुरुवारी पहाटे साडेपाचला सोसायटीच्या दारात भेटायचं ठरलंय. मला गजर लावावा लागणार आहे, त्याला नाही.